हाताशी ठेवलेला उजेड

समुद्रात आणि समुद्राला जोडलेल्या पाण्यात जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून १९७२ साली लंडनमध्ये एक आंतरराष्ट्रीय नियमावली ठरली आणि १९७७ पासून ती लागू झाली. तिच्यातला दिव्यांचा भाग वाचताना एखाद्या काटेकोर शिंप्याची मापांची वही चाळतोय असं वाटतं. डाव्या बाजूला तांबडा दिवा, उजव्या बाजूला हिरवा, दोन्ही ११२.५ अंशांत दिसणारे. डोलकाठीवरचा पांढरा २२५ अंशांत, पिछाडीचा १३५ अंशांत. दुसऱ्या बोटीला ओढत नेणाऱ्याला वेगळे दिवे, मासेमारी करणाऱ्याला वेगळे, नांगर टाकून उभ्या असलेल्याला वेगळे. मग पंचविसाव्या नियमाच्या एका पोटकलमात वल्ह्यांवर चालणाऱ्या होडीची पाळी येते आणि हा सगळा काटेकोरपणा अचानक संपतो. तिने हवे तर शिडाच्या होडीसारखे दिवे लावावेत. नाही लावले, तर पांढऱ्या उजेडाचा टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी ठेवावा आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवावा. बस्स. किती उंचीवर, किती अंशांत, काही नाही.

मी हडसन नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठाला राहते आणि कयाक वल्हवते. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा कंदिलांच्या काळातलं काहीतरी पुसायचं राहून गेलंय, असं वाटलं होतं. आता वाटतं, की रात्रीच्या पाण्याबद्दल सबंध नियमावलीत इतकं शहाणं दुसरं काही नाही. ‘दिसत राहा’ असं ते होडीला सांगत नाही. आधी तू बघ, आणि बघून झाल्यावर, वेळ ओळखून, दाखव, असं सांगतं. शहरातल्या गजबजलेल्या पाण्यात रात्री कयाक काढणाऱ्यांची आजकालची तयारी मात्र नेमकी उलट्या बाजूने चालते. माझं भांडण आहे ते त्या तयारीशी.

उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी रात्री धक्क्यावर उभं राहून हौशी मंडळींचा जथा पाण्यात उतरताना बघावा. कयाकच्या कडेने निळ्या-जांभळ्या एलईडीच्या माळा, प्रत्येकाच्या कपाळावर दिवा, पाठीला सायकलचा लुकलुकणारा दिवा, जाकिटावर चमकणाऱ्या पट्ट्या. विसर्जनाचा ट्रॅक्टर सजवावा तसा प्रकार. त्यामागचा हेतू चांगला आहे, आणि तो रस्त्यावरून आला आहे. रात्री रस्त्याने जाताना चमकणारे कपडे घालावेत, मागे दिवा असावा, हे आपल्याला इतकं पटलेलं असतं, की पाण्यावरही तेच चालेल असं गृहीत धरलं जातं. पण रस्त्यावरच्या गाडीला हेडलाइट असतात आणि जहाजांना ते नसतात, ही साधी गोष्ट जमिनीवरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. जहाजाचे दिवे समोरचं उजळण्यासाठी नसतातच. मी कोण आहे आणि माझं तोंड कुठे आहे, एवढंच ते सांगतात. सुकाणूवरचा माणूस पुढच्या काळोखात नुसत्या डोळ्यांनी बघत असतो. चमकणारी पट्टी तिच्यावर प्रकाश पडला तरच चमकते, आणि तो प्रकाश टाकायला कुणी नसतं.

दिसण्यावर भिस्त ठेवू नये, याचा सगळ्यात बोलका दाखला रात्रीचा नाहीच, उन्हातला आहे. ३० ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळी हडसनवरच, मॅनहॅटनच्या ३९ व्या रस्त्यासमोरच्या धक्क्यातून एक प्रवासी फेरीबोट मागे येऊन वळत होती. जवळून दहाएक कयाकचा एक गट वाटाड्यासोबत चालला होता. फेरी त्या गटात शिरली. काही जण जखमी झाले, त्यांतले काही गंभीर. मावळत्या उन्हाची तिरीप डोळ्यांवर असल्यामुळे ते दिसले नाहीत, असं कप्तानाने सांगितलं. ऑगस्टमधली संध्याकाळ, लख्ख उजेड, आणि एकदोन नव्हे तर दहा कयाक. याहून अधिक दिसणं म्हणजे आणखी काय असतं? एक नोंद करायला हवी. याच नदीतल्या याच प्रकारच्या फेऱ्यांनी १५ जानेवारी २००९ ला पाण्यावर उतरलेल्या विमानापर्यंत काही मिनिटांत पोचून माणसं उचलायला सुरुवात केली होती, आणि विमानातले १५५ च्या १५५ वाचले होते. तेव्हा फेरीचे कप्तान बेपर्वा असतात, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. चांगल्या माणसालाही दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

दुसरा दाखला लंडनचा. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे टेम्स नदीत कॅनन स्ट्रीटच्या रेल्वेपुलाजवळ ‘मार्शनेस’ या जलसहलीच्या बोटीवर ‘बोबेल’ हे वाळू उपसणारं जहाज आदळलं. मार्शनेसवर वाढदिवसाची पार्टी चालू होती. ५१ माणसं गेली. बोबेलचं सुकाणूघर मागच्या टोकाला होतं आणि तिथून पुढचं नीट दिसत नव्हतं. दोन्ही बोटींवर पाळत ठेवण्यात कसूर झाली होती, हे चौकशांतून पुढे आलं. टेम्सवर जीवरक्षक बोटींची कायमची ठाणी उभी राहायला मात्र २००२ उजाडलं. मला या घटनेत एक गोष्ट राहून राहून खुपते. ती कयाकसारखी पाण्याबरोबर बुडलेली काळी रेघ नव्हती, ती माणसांनी भरलेली दिव्यांची बोट होती, आणि तरी मागून येणाऱ्याला तिचा अंदाज आला नाही. एवढी बोट जिथे शहराच्या दिव्यांत हरवते, तिथे आपल्या कपाळावरच्या दिव्याची काय कथा.

हे हरवणं नेमकं कसं होतं, ते पाण्यात बसल्याशिवाय कळत नाही. कयाकमध्ये डोळे पाण्यापासून हातभर उंचीवर असतात. रात्री माझ्या काठावरच्या हॉबोकनकडून मॅनहॅटनकडे बघितलं, की समोर दिव्यांची भिंत उभी असते आणि तिचीच थरथरती उलटी प्रतिमा पाण्यात नदीच्या मध्यापर्यंत आलेली असते. त्या हजारो ठिपक्यांतला एक फेरीचा असतो. आडवी जाणारी फेरी ओळखू येते, कारण तिचे दिवे मागच्या इमारतींच्या खिडक्यांवरून सरकत जातात. सरळ आपल्या अंगावर येणारीचे दिवे सरकत नाहीत. एका जागी थांबलेले वाटतात, आणि एका जागी थांबलेल्या दिव्याला मन लगेच इमारतीचा दिवा ठरवून टाकतं. नियमावलीत हेच कोरड्या शब्दांत आहे: येणाऱ्या जहाजाची दिशा आपल्यावरून बघता बदलत नसेल, तर टक्कर होणार असं धरून चाला. शहराच्या पाण्यात या वाक्याचा अर्थ फार चमत्कारिक होतो. जो दिवा सर्वांत निरुपद्रवी दिसतो, तोच घातक असू शकतो. तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर शंकेला जागाच नाही, जहाजाचं तोंड थेट आपल्याकडे आहे.

हे ओळखायला डोळे हवेत, आणि कपाळावरचा दिवा नेमके तेच हिरावून घेतो. मंद प्रकाशात बघणाऱ्या डोळ्यातल्या दंडाकार पेशी अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात आणि पांढऱ्या झोताने तो सराव क्षणात मोडतो. मग जवळचं वल्हं छान दिसतं आणि पलीकडचं सगळं काळं होतं. एलईडीच्या माळांनी सजवलेल्या कयाकमधला माणूस उजेडाच्या एका छोट्या खोलीत बसलेला असतो. त्या खोलीला खिडक्या नसतात. कयाकच का, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या झगमगाटाजवळून रात्री बेतीच्या फेरीने जाताना कठड्याशी उभं राहून पाण्याकडे बघावं, म्हणजे हा अनुभव तिकिटाशिवाय मिळेल.

त्यातून तांबडा प्रकाश डोळ्यांचा सराव मोडत नाही, हे वाचून बरेच जण कपाळावर तांबडा दिवा लावतात. नकाशा बघायला तो ठीक आहे. पण पाण्यावर तांबड्याला अर्थ आहे: ही कुठल्यातरी बोटीची डावी बाजू. मान वळेल तशी त्या बोटीची दिशा बदलणार, असं काहीतरी अजब चित्र समोरच्याला दिसतं. लुकलुकणारा पांढरा दिवा तर त्याहून वाईट. अमेरिकेच्या अंतर्गत पाण्यात ठरावीक गतीने लुकलुकणारा प्रखर पांढरा दिवा हा संकटाचा इशारा मानला जातो. दहा जण असे दिवे लावून मजेत गप्पा मारत निघाले, तर ते दहा जण ‘वाचवा’ म्हणत निघालेले असतात. सतत जळणारा, चहूबाजूंनी दिसणारा साधा पांढरा दिवा त्यातल्या त्यात बरा. मीही पाठीमागे, माझ्या डोळ्यांत येणार नाही असा एक ठेवते, पण तो सोबत्यांना मी कुठे आहे ते कळावं म्हणून. फेरीच्या कप्तानाला त्यातून एवढंच वाटू शकतं, की कुणीतरी नांगर टाकून थांबलंय, नाहीतर पाठ करून दूर चाललंय. मी त्याच्या वाटेत आडवी येतेय, हे त्या दिव्याला सांगता येत नाही.

टॉर्चला ते सांगता येतं. अंधारात जिथे काही नव्हतं तिथे अचानक काहीतरी उजळलं, की डोळा तिकडे वळतोच. तो कप्तानाच्या डोळ्यांवर मारायचा नसतो. त्याचा अंधाराचा सराव मोडून आपला काय फायदा? आपल्याच छातीवरच्या जाकिटावर, वल्ह्याच्या पात्यावर, कयाकच्या नाळेवर मारायचा. चमकणाऱ्या पट्ट्या कुठे उपयोगी पडत असतील तर त्या इथे, स्वतःच्या टॉर्चच्या उजेडात. शिडाच्या होडीवरचे लोक शिडावर प्रकाश मारतात तसंच हे. आणि ‘टक्कर टळेल इतक्या वेळेत’ म्हणजे किती, याचा हिशेब प्रत्येकाने काठावरच करून ठेवावा. फेरी २५ नॉट वेगाने येत असेल तर ती मिनिटाला पाऊण किलोमीटरहून थोडं अधिक अंतर कापते. मी तीन नॉटने जात असेन तर मिनिटाला नव्वद मीटर. हडसन मॅनहॅटनच्या मिडटाउनपाशी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. मला पलीकडे जायला चौदा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ती फेरी दहा किलोमीटरांहून जास्त अंतर कापून आलेली असेल. म्हणजे मी निघताना जी फेरी मला दिसतसुद्धा नव्हती, ती मी मध्यावर पोचेपर्यंत माझ्यासमोर असू शकते. हा हिशेब एकदा मनात उतरला की फेरीच्या धक्क्यासमोरून पार व्हायची हौस आपोआप जाते. पार व्हायचं असेल तर गट विस्कटून नाही, एकमेकांना चिकटून, सरळ आडवं, कमीत कमी वेळात. एरवी काठाकाठाने, जिथे मोठ्या बोटींना पाणी पुरत नाही तिथून.

एक गोष्ट मात्र काठाकाठाने जाणाऱ्यालाही ठाऊक हवी. हडसनमध्ये टगबोटी बार्ज ओढत नेतात. टगवर उभे, एकावर एक दोन पांढरे दिवे असतात. ओढ २०० मीटरपेक्षा लांब असेल तर तीन. टग पुढे गेली, मागे मोकळं काळं पाणी दिसलं, की नवख्याला वाटतं वाट मोकळी झाली. त्या काळ्या पाण्यात दोर ताणलेला असतो आणि त्याच्या टोकाला, फिकट बाजूदिव्यांची, आवाज न करता येणारी बार्ज असते. त्या मोकळ्या पाण्यात शिरलेल्या कयाकला टॉर्च वाचवू शकत नाही. तिथे फक्त आधी बघणं आणि बघितलेल्याचा अर्थ लागणं कामाला येतं. म्हणून मी म्हणते, की रात्री पाण्यात उतरण्याची परवानगी एखाद्याला द्यायची झाली तर त्याच्या कयाकवर किती दिवे आहेत ते विचारू नये. त्याला अर्धा तास अंधारात काठावर बसवावं आणि समोरचे दिवे वाचून दाखवायला सांगावं. व्हीएचएफ रेडिओच्या तेराव्या वाहिनीवरचं कप्तानांचं आपसातलं बोलणं कानावर ठेवता येत असेल तर फारच उत्तम, कारण कोण कुठून वळणार आहे ते तिथे अगोदर कळतं.

आता याला एक आक्षेप आहे, आणि तो मलाच सर्वांत जास्त छळतो. रस्त्याच्या बाबतीत मी पायी चालणाऱ्याच्या बाजूची आहे. गाडीखाली सापडलेल्या माणसाला ‘तुम्ही गडद कपडे का घातले होते?’ असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. धोका ज्याच्यामुळे, जबाबदारी त्याची, असं मी तिथे म्हणते. मग पाण्यावर आल्याबरोबर सगळा भार लहान होडीवर कसा टाकते? मी स्वतःला दिलेलं उत्तर असं: चालणं ही हौस नाही आणि फूटपाथ ही कुणाची मेहेरबानी नाही. रात्री आठ वाजता हडसनमध्ये कयाक नेण्यावाचून माझं काहीही अडत नाही. ज्या फेरीसमोर मी जाते तिच्यात कामावरून घरी निघालेली माणसं असतात. शिवाय गाडीवाल्याला हेडलाइट आहेत, ब्रेक आहेत. त्याला न दिसण्याचं निमित्त नाही. जहाजावरच्या माणसाला खरोखरच दिसत नाही.

न्यू यॉर्कपुरतं हे उत्तर मला टिकाऊ वाटतं, आणि त्याला इतिहासाचीही जोड आहे. हॉबोकनहून मॅनहॅटनला जाणारी जुनी फेरी १९६७ साली बंद झाली तेव्हा ही नदी घाण पाण्याची गटार झालेली होती. पाणी स्वच्छ करण्याचा अमेरिकी कायदा १९७२ चा, म्हणजे आपल्या टॉर्चच्या कलमाच्याच वर्षाचा. पुढे नदी निवळली, गोदामं गेली, काठावर बागा आल्या, आणि माणसं पुन्हा पाण्याकडे वळली. पण १९८६ मध्ये फेऱ्याही परत आल्या. नदी खेळायला मिळाली ती आणि नदी वाहतुकीला मिळाली ती, दोन्ही एकाच वेळी एकाच नदीत. हौशी माणसाने या वाटणीत रात्रीपुरतं मागे राहावं, यात मला अपमान वाटत नाही.

तरी ‘आधी बघ’ या माझ्या सूत्राला एक भोक आहे, आणि ते मुंबईने दाखवलं. १८ डिसेंबर २०२४ ला दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. डझनाहून जास्त जीव गेले. ही रात्र नव्हती, आणि कुणाला काही दिसलं नाही असंही नव्हतं. प्रवासी त्या बोटीकडे बघत होते, एकाने ती मोबाइलवर टिपलीसुद्धा. बघण्याने काही झालं नाही, कारण बघून बाजूला होण्याइतका वेळ आणि वेग संथ लाँचकडे नव्हता. म्हणजे बघण्याला अर्थ असतो तो हलता येत असेल तर. माझी कयाक पाच मीटर मागे घेणं माझ्या हातात असतं, म्हणून मला शहाणपण शिकवणं सोपं जातं.

आणि ज्याला हलताच येत नाही त्याचं काय? नियमावलीचा नववा नियम सांगतो, की चिंचोळ्या जलमार्गात वीस मीटरहून लहान होडीने, त्या मार्गाखेरीज जाताच येत नाही अशा मोठ्या जहाजाला अडवू नये. पुढच्याच कलमात मासेमारी करणाऱ्या बोटीलाही तेच सांगितलं आहे: त्या मार्गाने जाणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही जहाजाला अडवू नको. अठराव्या नियमात कोणी कोणाला वाट द्यायची याची उतरंड आहे; वल्ह्याच्या होडीचं त्यात नावच नाही. हे नियम होडीची लांबी आणि तिचं काम मोजतात. होडीत बसलेल्यासाठी ती हौस आहे की पोट, ते मोजत नाहीत. त्यामुळे शनिवारच्या रात्री हौस म्हणून निघालेली मी आणि मुंबईच्या बंदरात रात्रीच्या ओढीला डोल हे जाळं लावून बसलेला कोळी, अशा चिंचोळ्या मार्गात कायद्याच्या डोळ्यांनी आम्ही जवळपास सारखेच ठरतो. मी बंदरात उतरले नाही तर घरी टीव्ही बघेन. त्याचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, आणि भरती-ओहोटी घड्याळ बघून येत नाही. त्यातून डोलीचं जाळं जागेला बांधलेलं. टॉर्च दाखवून दोन वल्ही मारून बाजूला व्हायची सोय त्याला नाही. जहाजाखाली जाळी गेल्याची तक्रार कोळीवाड्यांत नवी नाही.

इथे मला माझं पहिलं म्हणणं अर्ध्यावर थांबवावं लागतं. हौशी माणसासाठी ‘आधी बघ, मग दाखव’ हे पुरेसं आहे. पोटासाठी पाण्यात असलेल्या माणसाला तेच ऐकवणं म्हणजे चालणाऱ्याला कपड्यांचा रंग विचारणं. त्याच्या बाबतीत पहिल्यांदा बघायचं ते मोठ्या जहाजाने. नियमावलीच्या पाचव्या नियमात हे आहेच, प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या सर्व साधनांनी सतत पाळत ठेवावी. लहान-मोठं असा भेद त्यात नाही. त्यासाठी पैसे खर्चून नाळेवर आणखी एक माणूस उभा करावा लागतो, एवढंच.

खोल पाणी लागणारं मोठं जहाज मुंबई बंदरात आत घ्यायचं तर भरतीची वेळ साधावी लागते. कोळ्यालाही त्याच भरतीच्या ओढीवर निघायचं असतं. त्यामुळे मध्यरात्रीच्या उधाणाला दोघं एकाच तासात एकाच पाण्यात येतात. जहाजाच्या ब्रिजवर रडार असतं, इतर जहाजांची जागा दाखवणारं एआयएस असतं, बंदराचा वाटाड्या असतो. पाण्याला टेकलेल्या छोट्या होडीचा ठिपका त्या पडद्यांवर उमटेलच असं नाही. होडीत, पायाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॉर्च असतो.